पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) हवाय? सुरुवातीला वेग आवरा!

नीरा-भीमेच्या संगमावर, आमच्या नरसिंहपुरात, पहाटे साडेचारला घाटावरून निघायचं. दोन्ही बाजूंना ऊस, समोरून उसाच्या बैलगाड्या, घुंगरांचा आवाज आधी येतो, बैल नंतर दिसतात. चार तासांच्या आत मॅरेथॉन हे माझं यंदाचं ध्येय. म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, दर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या, माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर यांचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१४ला २:५०:३१ आणि २०१५ला थेट २:३८:२१! एका वर्षात बारा मिनिटं! २०१५चा वेग म्हणजे किलोमीटरला पावणेचार मिनिटं, तीही पेडर रोडचा चढ धरून. अंगावर काटा येतो.

आता कामाचं. पहिले दहा किलोमीटर पाय हलके असतात, तिथेच घात होतो. वेग वाढला की स्नायूंतली साठवलेली साखर लवकर संपते आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाय दगड होतात. म्हणून सुरुवात ठरलेल्या वेगापेक्षा किंचित सावकाश करा. खजूर, केळं, एनर्जी जेल, जे काही घेणार ते आधी लांब पल्ल्याच्या सरावात पोटाला मानवतंय का बघा. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणा.

रविवारी ३० किलोमीटर आहे. कोण येतंय?