कच्ची वही जपून ठेवा

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत 24 गुण उपयोजित लेखनाचे असतात. तरी महागावसारख्या तालुक्याच्या गावीही तयारी म्हणजे गाइडमधले निबंध पाठ करणं. आपण स्वतः लिहितो कसं, याकडे मुलांचं लक्षच जात नाही.

लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या अमेरिकी संशोधकांनी लिहिणाऱ्यांना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला लावलं आणि 1981 मध्ये त्यावर आधारित मांडणी केली. आखणी, लेखन, तपासणी ही कामं ओळीनं होत नाहीत. लिहिता लिहिता माणूस पुन्हा आखणीकडे वळतो. म्हणून खाडाखोड हा दोष मानू नये.

समजा, विषय आहे कापूसवेचणी. ‘भारत कृषिप्रधान देश आहे’ हे वाक्य खोडून मुलीनं लिहिलं, ‘दुपारपर्यंत बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं ओरबाडून निघाली.’ निबंध खरा इथं सुरू झाला! अशा वेळी समासात दोन ओळी टिपाव्यात: कुठे अडलो, काय खोडलं, का खोडलं. महिनाभरानं त्या वाचल्या की स्वतःच्या सवयी दिसू लागतात.

शिक्षकांनो, पालकांनो, स्वच्छ प्रतीसोबत कच्ची वहीही आवर्जून मागून बघा.