विनयपिटकातील हळद आणि गावचा झाडपाला

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर व शेजारचा वसमत परिसर हा हळदीचा मुलूख होय. जखमेवर हळद दाबणे, मुरगळलेल्या पायाला आंबेहळदीचा लेप देणे, तापात गुळवेलीचा काढा पाजणे हे उपचार ग्रामीण भागातील वैदू, सुईणी व जाणती माणसे पिढ्यानुपिढ्या करीत आली आहेत. हे ज्ञान मुखोद्गत राहिले, म्हणून ‘अडाण्यांचा झाडपाला’ असे त्यास हिणवले गेले. बौद्ध वाङ्मयाची साक्ष मात्र निराळी आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात ‘भेसज्जक्खन्धक’ हे प्रकरण आहे. आजारी भिक्खूंसाठी तथागतांनी ज्या औषधी मुळ्यांना अनुमती दिली, त्यांत पहिले नाव हलिद्दीचे म्हणजे हळदीचे आहे. पुढे आले, वेखंड, वाळा, नागरमोथा ही नावे येतात. काढ्यांत कडुनिंब व कुडा, तर फळांत हिरडा, बेहडा व आवळा आहेत. मुळ्या वाटण्यासाठी पाटा-वरवंट्यालाही अनुमती आहे. अट एकच : कारण असेल तरच औषध सेवन करावे. याच महावग्गात जीवकाची कथा आहे. औषधी नसलेली वनस्पती शोधून आण, असे आचार्यांनी सांगितले असता तक्षशिलेभोवती योजनभर हिंडूनही त्यास अशी एकही वनस्पती आढळली नाही.

लिखित नोंदीचे मोल किती, हे आधुनिक काळातही दिसून आले. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ साली ते रद्द झाले. परंतु तेथील तत्कालीन कायद्यानुसार परदेशातील केवळ तोंडी ज्ञान पुरावा ठरत नसे. छापील ग्रंथ व शोधनिबंधच सादर करावे लागले. लक्षावधी घरांतील अनुभव एकट्याच्या बळावर तेथे उभा राहिला नसता.

तथापि जुने ते सारे खरे, असेही मानता येत नाही. केवळ परंपरेने आले म्हणून स्वीकारू नये, हीच कालामसुत्ताची शिकवण आहे. सर्पदंशावर मुळी उगाळीत वा मंत्र म्हणवीत वेळ दवडणे प्राणघातक होय. तेथे रुग्णालयातील प्रतिविषच हवे.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक समित्यांमार्फत गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. जाणत्यांच्या संमतीने वनस्पतीचे स्थानिक नाव, वापरण्याचा भाग, उपयोग व सांगणाऱ्याचे नाव तीत लिहून घ्यावे. शिक्षित तरुणांनी हे काम हाती घ्यावे; कारण न लिहिलेले ज्ञान सांगणाऱ्याबरोबरच मातीआड जाते.