लेकराचं वरीस

करमाळ्याला रेल्वेनं जायचं, तर जेऊरला उतरावं लागतं. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं हे गाव. भीमा नदीवर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. त्याचं पाणी ज्यांच्या रानाला लाभलं, त्यांच्याकडं ऊस आला, केळी आली. ज्यांना नाही लाभलं, ते आजही आभाळाकडं बघून ज्वारी पेरतात.

अशा कोरडवाहू रानातलं एक घर डोळ्यांपुढं आणा. घर कुणाचं, ते विचारू नका. तुमचंही असेल. घरात म्हातारी सासू, नवरा, बायको आणि चार वर्षांची थोरली लेक. तीन एकर रान, एक गाय, दोन शेळ्या. श्रावण लागता लागता या घरात मुलगा झाला. बाळंतपण दवाखान्यात झालं. बाळाचं वजन भरलं पावणेतीन किलो. अडीच किलोच्या वर वजन म्हणजे बरं वजन.

आता या बाळाचं एक वर्ष आपण बघू. बाळाचं वर्ष आणि शेताचं वर्ष एकाच घरात चालतं. पण दोन्हींचे नेमके दिवस कधी कधी एकमेकांच्या आड येतात. ते कसं, ते पुढं येईल.

पहिल्याच दिवशी खटका उडाला. म्हातारी म्हणाली, "तीन दिस आईचा चीक पाजू नगा. पोराला बाधतोय. गुळाचं पाणी द्या."

नर्सबाईनं विचारलं, "आजी, तुमची गाय व्याली की वासराला पहिला चीक पाजता का न्हाई?"

"पाजायचाच की! त्याबिगर वासरू उभं ऱ्हाईल व्हय?"

"मग नातवानं काय पाप केलं?"

म्हातारी गप्प बसली. आपण चीक थोडा खरवसाला काढतो, हे खरं. पण वासराच्या वाट्याचा वासराला सोडतोच. आईचा चीक पिवळसर, घट्ट असतो. तो थोडाच येतो, पण रोगाशी झगडण्याचं बळ त्यात असतं. बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला अंगावर घ्यावं. पुढं पुरते सहा महिने आईचं दूध हेच त्याचं अन्न आणि हेच त्याचं पाणी. वरचं पाणी नको, गुटी नको. मध तर वर्षभर नको. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तेवढं द्यावं.

नाळेचंही तसंच. पूर्वी नाळ विळ्यानं कापत, वर राख नाहीतर शेण लावत. त्यातून धनुर्वात होई आणि पाचवी पुजायच्या आधी किंवा नंतर लेकरू दगावे. लोक म्हणत, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. आता गरोदरपणी आईला लस देतात आणि नाळ स्वच्छ पात्यानं कापतात. बाळाच्या आणि बाळंतिणीच्या धनुर्वाताची साथ आपल्या देशानं २०१५ सालापर्यंत आटोक्यात आणली. सटवाईच्या पूजेला कुणी नको म्हणत नाही. नाळ मात्र कोरडी ठेवा, तिला काही लावू नका.

जन्मल्या दिवशी बाळाला क्षयाची लस आणि पोलिओचे थेंब मिळाले. कावीळ ब ची सुईही टोचली. पुढच्या लसी ६, १० आणि १४ आठवड्यांनी. या घरी ते दिवस आले भाद्रपदात, आश्विनात आणि दिवाळीच्या सुमाराला. लस टोचली की एखादा दिवस अंग तापतं, पोर किरकिरतं. म्हणून पुढची लस चुकवू नये.

हस्ताच्या पावसावर ज्वारी पेरायची होती. बाळ तेव्हा दोन महिन्यांचं. नवऱ्यानं सावड केली. दोन घरांच्या माणसांनी मिळून आधी याचं रान पेरलं, मग त्याचं. आई घरी राहिली. थंडीचे दिवस सुखाचे गेले. बाळ हसू लागलं, कुशीवर वळू लागलं. संक्रांतीच्या आधीच त्याचं वजन दुप्पट झालं. तसं ते पाच महिन्यांच्या सुमाराला व्हावंच लागतं.

पौष सरता सरता बाळाला सहा महिने झाले. उष्टावण झाली. मामानं खिरीचं बोट चाटवलं, बायकांनी ओवाळलं. त्या दिवशी अंगणवाडीत वजन भरलं ६ किलो ८०० ग्रॅम.

उष्टावण एका दिवसाची. खाणं मात्र रोजचं. सहा महिन्यांनंतर नुसत्या आईच्या दुधावर बाळाचं भागत नाही. दूध चालूच ठेवायचं, अगदी दोन वर्षांपर्यंत. पण जोडीला दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी मऊ अन्न लागतं. पोट लहान, म्हणून थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा भरवावं लागतं. भरवायला घटकाभर बसणारं माणूस लागतं.

आणि नेमकं त्याच वेळी काय झालं? माघ लागला. ज्वारी वाळली. रब्बी ज्वारीची काढणी म्हणजे घरातलं प्रत्येक हाताचं माणूस रानात. ताटं मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, कडबा रचायचा. आई तांबडं फुटता जाई, ती दिवेलागणीला येई. म्हातारीला दिसायचं कमी. ती तरी काय करणार? पोर रडलं की चहात बुडवून बिस्किटाचा तुकडा त्याच्या तोंडात देई. थोरली अंगणवाडी बुडवून भावाला खेळवत बसे. चार वर्षांचं पोर सहा महिन्यांच्या पोराला सांभाळतं, याचं आपल्याकडं कौतुक होतं. मला त्यात कौतुक दिसत नाही. तिचंही ते खेळायचं, शिकायचं वय आहे.

चहानं पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगी काही लागत नाही. उलट अन्नातलं लोह चहामुळं रक्ताला कमी मिळतं. माघाच्या शेवटी वजन केलं, तर काटा होता तिथंच. ६ किलो ८००. ताईनं सांगितलं, "एक महिना वजन वाढलं न्हाई. लक्ष द्या." घरच्यांनी मान डोलावली आणि पुन्हा रानात गेले. फाल्गुनाच्या शेवटी भरलं ६ किलो ७००.

लेकरू आजारी नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. हसत होतं, खेळत होतं. आईनं कार्ड उघडलं. हे माता-बाल कार्ड घरोघरी असतं. त्यात वजनाचा आलेख असतो. हिरवा पट्टा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे वजन कमी. त्याखालचा नारिंगी म्हणजे फारच कमी. आई मागल्या वर्षी साक्षरतेच्या वर्गाला बसली होती. तिनं बोट ठेवून आकडे वाचले. आठवा महिना पुरा, ६ किलो ७००. ठिपका हिरव्यातून पिवळ्यात उतरला होता. डोळ्यांना जे दिसलं नव्हतं, ते कागदानं दाखवलं.

आईचा जीव घाबरला. ती नवऱ्याला म्हणाली, "अवं, ज्वारी घरात आली आन् पोर उतरलं."

नवरा म्हणाला, "मळणी ऱ्हायलीया. तू घरी बसलीस तर कसं व्हायचं?"

त्याचंही खोटं नव्हतं. वर्षाचं धान्य खळ्यावर पडलेलं.

इथं शेजारच्या जिल्ह्यातली एक हकिकत सांगतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेड आहे. तिथं १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे जोडपं कामाला लागलं. त्या काळी त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी पावणेदोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत जात. आरोळ्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांना पोरांचं वजन करायला, बाळंतपण करायला, घरोघर जाऊन समजावायला शिकवलं. पोरांना खाऊ घालायची सोय गावानंच केली. १९९० नंतरच्या वर्षांत तो आकडा तिसाच्या खाली आला. मोठी यंत्रं नव्हती. गावातल्याच बायका होत्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जेऊरच्या आपल्या घराला वाट सुचवली ती म्हातारीनं. ती म्हणाली, "रानाची सावड करताय, मग पोरांची का न्हाई?"

आळीत लहान पोरांची चार घरं होती. ठरलं, की रोज एकीनं कामाला जायचं नाही. तिनं चारी घरची पोरं सांभाळायची आणि वेळेवर भरवायची. तिच्या वाटणीचं काम बाकीच्यांनी ओढायचं. पाळी चार दिवसांनी येई. पोटाला पोर असलेली आई दुपारी एकदा घरी येऊन पाजून जाई. ही कल्पना सरकारलाही सुचली होती बरं का. २००५ सालच्या रोजगार हमी कायद्यात असं घातलं होतं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी. म्हणजे पोर सांभाळणं हे काम आहे, मजुरीचं काम आहे, हे कायद्यानं मानलं.

मग त्या पोराला काय खाऊ घातलं? वेगळं काही आणलं नाही. ज्वारीच्या पिठाची लापशी दुधात शिजवली. भाकरीचा मऊ पापुद्रा घट्ट वरणात कुस्करला. वर चमचाभर तेल नाहीतर तूप घातलं. लहान पोटात थोड्या घासात जास्त बळ जावं, म्हणून ते लागतं. शेंगदाणे भाजून अगदी बारीक कूट केलं आणि लापशीत मिसळलं. अख्खा शेंगदाणा मात्र कधी देऊ नये, तो श्वासनळीत अडकतो. पिकलेलं केळं जेऊरला काही महाग नाही. आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं अंडं कुस्करून दिलं. अंगणवाडीतून मिळणारा शिधा पोराच्याच वाटीत पडू लागला. एरवी तो सगळ्या घराचा होऊन जातो.

आणि बापानं काय केलं? तो संध्याकाळी वाटी घेऊन बसू लागला. पहिल्या दिवशी चार माणसं हसली. पोर बापाच्या हातून जास्त खातं, हे कळल्यावर हसणं थांबलं.

चैत्राच्या शेवटी वजन झालं ७ किलो १००. ठिपका पुन्हा हिरव्याच्या काठाला लागला. नऊ महिने भरले, तेव्हा गोवर-रुबेलाची सुई टोचली आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजला.

वैशाखाचं ऊन गेलं. आषाढात पाऊस पडला आणि पाणी गढूळ झालं. पोराला जुलाब लागले. दिवसात सात-आठ वेळा. म्हातारी म्हणाली, "पानी बंद करा, म्हंजी जुलाब बंद व्हत्याल." हा समज फार जुना आहे आणि फार घातकी आहे. जुलाबानं पोर मरत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यानं मरतं. गळक्या रांजणात पाणी ओतायचं बंद केलं, तर रांजण भरेल का?

१९७१ साली बांगलादेशचे निर्वासित लाखांनी बंगालात आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवला आणि पिंप भरून ठेवले. आजाऱ्यांच्या नातेवाइकांनीच ते पेल्यांनी पाजलं. आधी शंभरातले तीसएक जण मरत होते. मग चारांपेक्षा कमी मरू लागले.

तेच पाणी आपल्या चुलीवर होतं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घ्या. त्यात साखर चहाच्या चमच्यानं ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. आधी चाखून बघा. आसवांपेक्षा खारट लागलं, तर टाकून द्या आणि नवं करा. दर जुलाबानंतर वाटीचमच्यानं सावकाश पाजा. ओकलं तर दहा मिनिटं थांबा, पुन्हा पाजा. आशाताईकडं तयार पुडी मिळते, ती तर चांगलीच. जस्ताची गोळी १४ दिवस द्यायची, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध आणि खाणं तोडायचं नाही. पण डोळे खोल गेले, पोर मलूल पडलं, पाणी पिईना, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी बसू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा.

या पोराला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. चौथ्या दिवशी जुलाब थांबले. पुढं पंधरा दिवस त्याला रोज एक वाटी जादा दिली.

पुन्हा श्रावण आला. पोर भिंतीला धरून उभं राहू लागलं. थोरली पाटी घेऊन अंगणवाडीत गेली, तिच्यामागून आई धाकट्याला घेऊन गेली. ताईनं काट्याला अडकवलेल्या झोळीत त्याला बसवलं. ते रडलं. आईनं वाकून आकडा वाचला, "आठ किलो." जन्माच्या वजनाच्या तिप्पटीला थोडंच कमी. ताईनं ठिपका काढला आणि कार्डावर पुढली तारीख लिहिली. पुढची लस १६ महिने भरल्यावर, म्हणजे मार्गशीर्षात, हुरड्याच्या आधी.