युरोपला जाणारी कोळंबी: कसोटी तळ्यावरच

तामिळनाडूत कुंभकोणमजवळ असलेले आडुतुरै भात संशोधन संस्थेसाठी ओळखले जाते. तेथून पूर्वेस, कावेरीचे खोरे समुद्राला मिळते त्या मयिलादुतुरै आणि नागपट्टिनम जिल्ह्यांच्या किनारी भागात भातखाचरांच्या जोडीला निमखाऱ्या पाण्यातील कोळंबीची तळी दिसतात. भारतातील अशी संवर्धित कोळंबी गोठवून परदेशी पाठवली जाते. तिच्या ग्राहकांपैकी युरोपीय संघाच्या अटी विशेष कडक आहेत. व्हिएतनामी पंगास माशाचे बिनकाट्याचे काप असोत वा भारतीय कोळंबी, नियम तेच लागू होतात.

निर्यातदार देशाची औषध-अवशेष नियंत्रण योजना संघाने मान्य केलेली असावी लागते. प्रक्रिया कारखाना संघाच्या यादीत असणे आणि प्रत्येक खेपेसोबत सरकारी आरोग्य प्रमाणपत्र असणेही बंधनकारक आहे. भारतात हे काम निर्यात तपासणी परिषदेकडे आहे. युरोपच्या बंदरावर कागदपत्रे व माल पडताळून काही खेपांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले जातात. भारतीय संवर्धित मालाबाबत हे प्रमाण २०१६ मध्ये १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेण्यात आले.

खरी अडचण प्रतिजैविकांची आहे. नायट्रोफ्युरान गटातील औषधे शरीरात लवकर विघटित होतात. परंतु त्यांपासून बनणारी द्रव्ये मांसातील प्रथिनांना चिकटून कित्येक आठवडे टिकतात. गोठवल्याने किंवा शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत. २८ नोव्हेंबर २०२२ पासून त्यांच्यासाठी कारवाईची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग, अशी आहे.

त्यामुळे कारखाना कितीही स्वच्छ असला तरी तळ्यात झालेली चूक तेथे धुऊन निघत नाही. रोगाच्या भीतीने वापरलेले बंदी असलेले औषध काही महिन्यांनी हजारो किलोमीटरवर उघड होते. दोषी खेप परत पाठवली किंवा नष्ट केली जाते आणि तिची सूचना संघातील सर्व देशांना मिळते. त्यानंतर वाढीव तपासणीचा भार नियम पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालावरही पडतो.

म्हणूनच २००५ च्या तटीय जलकृषी प्राधिकरण अधिनियमानुसार तळ्याची नोंदणी, बीज व खाद्याच्या नोंदी, काढणीपूर्वी नमुन्यांची तपासणी आणि प्रत्येक तळ्याचा माल वेगळा ठेवणे महत्त्वाचे ठरते. पालघर किंवा रायगडमधील कोळंबी उत्पादकांनाही हीच शिस्त लागू पडते. दोष काढणीपूर्वी आढळला तर नुकसान एका तळ्यापुरते राहते. बंदरावर आढळला तर त्याची झळ साऱ्या व्यवसायाला बसते.