सांधेदुखी, ‘नैसर्गिक’ डबे आणि एक फासा

तालमी गावोगाव होत्याच. आता तालुक्याच्या गावातही जिम दिसतात. अकरावी-बारावीची मुले तेथे संध्याकाळी वजने उचलतात. तीन-चार महिने उत्साहात जातात आणि मग कोणाचा गुडघा, कोणाचे कोपर, कोणाचा खांदा कुरकुरू लागतो. अशा वेळी कोणीतरी एक डबा पुढे करतो. त्यावर हळदीचे, सालईचे किंवा कांडवेलीचे चित्र असते आणि मोठ्या अक्षरांत ‘पूर्णपणे नैसर्गिक’ असे लिहिलेले असते. मुलगा दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांना विचारतो, “सर, हे घेऊ का?”

“सगळे थोतांड आहे” हे उत्तर सोपे आहे. “झाडपाल्याचेच आहे, घे” हे त्याहून सोपे आहे. पण दोन्हींत विज्ञान नाही. म्हणून आपण जरा मुळापासून सुरुवात करू.

सांध्यावर भार किती?

हे वर्गात मोजून पाहता येते. एक मीटरपट्टी घ्या. तिचे एक टोक खिळ्यावर फिरेल असे अडकवा. हे झाले कोपर. कोपरापासून ३५ सेंमीवर एक वजन टांगा. हा झाला तळहात. आता कोपरापासून फक्त ५ सेंमीवर ताणकाटा लावून पट्टी आडवी तोलून धरा. आपल्या दंडाचा स्नायू साधारण एवढ्याच अंतरावर हाताच्या हाडाला जोडलेला असतो. पट्टीचे स्वतःचे वजन सोडले, तर ताणकाटा टांगलेल्या वजनाच्या सातपट आकडा दाखवील.

म्हणजे हातात ५ किलोचे डंबेल स्थिर धरले, तर स्नायूला ३५ किलोइतका जोर लावावा लागतो. ३५ वर, ५ खाली. उरलेले ३० किलो सांध्यातली हाडे एकमेकांवर दाबून तोलतात. शरीरातल्या बहुतेक तरफा अशाच आहेत : हालचाल मोठी, वेग जास्त, पण त्याची किंमत सांधा आणि कंडरा यांनी मोजायची. (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी.) वजन उचलणाऱ्या तरुणांचे दुखणे पुष्कळदा या कंडरांच्या टोकांशी असते. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखते तेही याच ठिकाणी.

दोरी आणि गादी

हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत गादी असते, ती कूर्चा. कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे आणि त्यात धरून ठेवलेले पुष्कळ पाणी, अशी तिची रचना. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि चेतातंतूही नाहीत. भार पडला की स्पंजासारखी ती दबते, भार गेला की फुगते आणि या पिळण्या-भिजण्यात सांध्यातल्या द्रवातून तिला अन्न मिळते. चेतातंतू नसल्याने कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखते ते खालचे हाड, सांध्याचे अस्तर, अस्थिबंध किंवा कंडरा.

कूर्चा झिजली तर पुन्हा तयार होते का? याचे उत्तर एका अनपेक्षित ठिकाणाहून मिळाले. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुस्फोट चाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन-१४ एकदम वाढला आणि नंतर हळूहळू कमी होत गेला. त्या काळात शरीराचा जो भाग घडला, त्यात हा कार्बन जणू तारखेच्या शिक्क्यासारखा बसला. डेन्मार्कमधील संशोधकांनी हा शिक्का वाचला. २०१३ साली त्यांना आढळले, की टाचेच्या कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सुमारे १७ वर्षांतच घडतो आणि नंतर जवळजवळ बदलत नाही. २०१६ साली कूर्चेतील कोलॅजेनबद्दलही असेच दिसले : प्रौढ वयात, झिजलेल्या सांध्यातसुद्धा, ते फारसे नव्याने घडत नाही.

आपल्या बारावीच्या विद्यार्थ्याचे वय नेमके १७ आहे, हे ध्यानात घ्या. ‘कूर्चा पुन्हा बांधून देतो’ असे एखादा डबा सांगत असेल, तर तो फार मोठा दावा करतो आहे.

डब्यात असते काय?

ग्लुकोसामाईन हा कूर्चेतील रेणूंचा एक घटक. १८७६ साली जर्मन संशोधक गेओर्ग लेडरहोजे यांनी शेवंड्याचे कवच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून तो मिळवला. आजही तो मुख्यतः कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून काढतात. म्हणून शाकाहारी मंडळींनी आणि कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी वेष्टन नीट वाचावे.

कोलॅजेनची भुकटी जनावरांच्या कातडी-हाडांपासून किंवा माशांपासून बनते. पोटात गेल्यावर तिचे अमिनो आम्लांत व छोट्या तुकड्यांत विघटन होते. खाल्लेले कोलॅजेन थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. जसे भेंडी खाल्ल्याने अंगावर लव येत नाही. मात्र हे तुकडे कच्चा माल म्हणून उपयोगी पडू शकतात. २०१७ साली आठ तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात १५ ग्रॅम जिलेटिन आणि क जीवनसत्त्व घेऊन तासाभराने सहा मिनिटे दोरीवरच्या उड्या मारल्या, तर कोलॅजेन घडत असल्याची रक्तातली खूण दुप्पट झाली. कल्पना चांगली आहे. पण माणसे आठच, आणि दुखणे कमी झाले का हे त्यात मोजलेलेच नाही.

हळदीतला पिवळा पदार्थ कर्क्युमिन. परीक्षानळीत तो दाह वाढवणाऱ्या अनेक क्रियांना अडवतो. पण हळदीत तो असतो साधारण तीन टक्के. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत सुमारे ९० मिलिग्रॅम. त्यातलाही फार थोडा रक्तात पोचतो, कारण आतडे आणि यकृत त्याला लगेच बदलून बाहेर टाकतात. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले, की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पायपरीन दिले, तर रक्तातले प्रमाण सुमारे वीस पटींनी वाढते. म्हणून आता अनेक गोळ्यांत मिरे असते. म्हणूनच आजीचे हळदीचे दूध आणि बाजारातली गोळी या एकच गोष्टी नव्हेत. दुधाचा शतकांचा अनुभव गोळीच्या नावावर जमा करता येत नाही.

सालई आपल्या विदर्भ-खानदेशाच्या कोरड्या डोंगरांवर वाढते. तिच्या डिंकातील बॉस्वेलिक आम्ले दाह निर्माण करणाऱ्या एका विकराला रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

कांडवेल आणि फासा

कांडवेल, म्हणजेच हाडसांधी किंवा हाडजोड, ही द्राक्षाच्या कुळातली चौधारी, पेरापेरांची वेल. तमिळनाडूत चिंच घालून तिची चटणी करतात. बनारस हिंदू विद्यापीठात १९६३-६४ च्या सुमारास तिचा मोडलेले हाड जुळण्यावर काय परिणाम होतो, याचा प्राण्यांवर अभ्यास झाला. पण हाडाला भरपूर रक्तपुरवठा असतो, कूर्चेला नसतो. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

व्यायाम करणाऱ्यांवरचा प्रयोग २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नेहमी व्यायाम करणाऱ्या, सांधे दुखत असलेल्या २९ पुरुषांना रोज ३२०० मिलिग्रॅम कांडवेल आठ आठवडे दिली. दुखण्याचे गुण सुमारे ३१ टक्क्यांनी उतरले. आकडा छान आहे. पण या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. त्याने काय बिघडते?

वर्गात करून पाहा. प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा फासा टाकायचा. पडलेला आकडा म्हणजे आजचे दुखणे. ज्यांना ५ किंवा ६ पडले, ते ‘रुग्ण’. त्यांच्या दुखण्याची सरासरी साडेपाचच्या आसपास येईल. या रुग्णांना एकेक पेपरमिंटची गोळी द्या आणि पुन्हा फासा टाकायला सांगा. आता सरासरी साडेतीनच्या आसपास येईल. दुखणे सुमारे ३६ टक्क्यांनी ‘कमी’ झाले! पेपरमिंटने फाशावर काहीच परिणाम केलेला नाही. आपण फक्त वाईट आकडे निवडून घेतले होते. पुढचे आकडे आपोआप सरासरीकडे वळले.

खरे दुखणे काही फाशासारखे नसते, पण चढउतार त्यालाही असतात. माणूस औषधाकडे वळतो तो दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतारच येतो. शिवाय गुडघा दुखतो म्हणून तो चार दिवस बैठका कमी करतो. शिवाय ‘आता बरे वाटेल’ या अपेक्षेनेही थोडे बरे वाटते. हे सगळे श्रेय डब्याला जाते. कांडवेल निरुपयोगी आहे, असे यातून सिद्ध होत नाही. त्या प्रयोगातून दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही, एवढेच.

रास्त कसोटी

उपाय एकच : दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी कोरी गोळी द्यायची, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही व तपासणाऱ्यालाही नाही. असे केले की काय दिसते, याचे मोठे उदाहरण २००६ साली अमेरिकेत मिळाले. गुडघेदुखीच्या १५८३ रुग्णांना सहा महिने निरनिराळ्या गोळ्या दिल्या. दुखणे निदान पाचव्या हिश्शाने कमी झालेले रुग्ण असे होते :

कोरी गोळी : ६०.१ टक्के
ग्लुकोसामाईन : ६४.० टक्के
कॉन्ड्रॉइटिन : ६५.४ टक्के
दोन्ही एकत्र : ६६.६ टक्के
सेलेकॉक्सिब (नेहमीचे वेदनाशामक) : ७०.१ टक्के

पहिली ओळ पुन्हा वाचा. नुसत्या कोऱ्या गोळीने शंभरांतले साठ सुधारले. ग्लुकोसामाईनचा त्यावरचा फरक इतका लहान, की तो योगायोगानेही येऊ शकेल. जास्त दुखणाऱ्या छोट्या गटात दोन्ही एकत्र घेऊन बराच फायदा दिसला आणि जाहिरातींना तो आवडतो. पण २०१० साली दहा चाचण्यांतील ३८०३ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला, तेव्हा म्हणण्याजोगा फायदा उरला नाही.

सालईची एक चाचणी आपल्या नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात झाली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. ३० रुग्णांपैकी निम्म्यांना आधी सालई आणि निम्म्यांना कोरी गोळी आठ आठवडे. मग मध्ये विश्रांती देऊन अदलाबदल. प्रत्येक रुग्ण स्वतःशीच ताडून पाहिला जातो, ही या रचनेची खुबी. सालईने दुखणे कमी झाले, चालणे वाढले; क्ष-किरण चित्रात मात्र काही बदल नव्हता. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात २०२० साली ७० रुग्णांवर हळदीच्या अर्काची चाचणी झाली, तिचाही सूर असाच : कोऱ्या गोळीपेक्षा दुखणे थोडे जास्त उतरले, पण सांध्यातली सूज प्रतिमेत तेवढीच राहिली.

तेव्हा हळद आणि सालई यांच्या बाजूने थोडा पुरावा आहे, तो वेदनाशमनाचा. सांधा दुरुस्त होण्याचा नव्हे. आणि या दोन्ही चाचण्यांतले रुग्ण झिजलेल्या गुडघ्याचे होते. कंडरा दुखावलेले सतरा वर्षांचे विद्यार्थी नव्हते.

निसर्गाच्या नावाखाली

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे समीकरणही तपासायला हवे. जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना इटली व अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. पायपरीन कर्क्युमिनची विल्हेवाट रोखते, तशी इतर औषधांचीही रोखू शकते. त्याहून मोठा धोका वेष्टनावर न लिहिलेल्या पदार्थांचा. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘आर्ट्री किंग’ या सांधेदुखीवरच्या ‘पूरक आहारा’बद्दल लोकांना सावध केले. त्यात डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन ही औषधे गुपचूप घातलेली आढळली. डेक्सामेथासोन हे प्रबळ स्टेरॉइड. ते बरेच दिवस घेऊन एकदम थांबवणेही घातक. म्हणून एखाद्या चूर्णाने दोन दिवसांत जादूसारखे दुखणे थांबले, तर आनंदाआधी शंका यावी.

आपल्याकडेही अशा पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे नियमाने बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांना डबे आणायला सांगा आणि ती ओळ शोधायला लावा. वरच्या मोठ्या अक्षरांतला दावा आणि खालची बारीक ओळ शेजारी-शेजारी फळ्यावर लिहा. मग प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारा : कोणावर पाहिले? कशाशी ताडून पाहिले? दुखणे मोजले की सांधा?

मग त्या मुलाला काय सांगायचे?

दुखणे हा निरोप आहे. तो दाबून वजन वाढवत नेले, तर नुकसान होते. फिनलंडमध्ये माजी अव्वल खेळाडूंची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष १९९५ साली आले : गुडघ्याची झीज नेमबाजांत ३ टक्के, धावपटूंत १४, तर भारोत्तोलकांत ३१ टक्के. अर्थात ते वर्षानुवर्षे कमाल भार उचलणारे लोक. बेताचा, हळूहळू वाढवलेला व्यायाम सांध्याला आधारच देतो. झिजलेल्या गुडघ्यासाठी डॉक्टरसुद्धा व्यायामच सांगतात.

म्हणून त्या मुलाने वजन कमी करावे, दुखणारी हालचाल काही आठवडे सौम्य करावी, जाणकाराकडून पद्धत तपासून घ्यावी आणि मग थोडे थोडे वजन वाढवावे. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरेला त्याहून जास्त वेळ लागतो. घाई करणाऱ्याचे नेमके तेथेच बिनसते. सांधा सुजला, अडकला, रात्री ठणकू लागला किंवा सोबत ताप आला, तर डबा नको आणि वाटही पाहणे नको; थेट डॉक्टरांकडे जावे. आणि डबा घ्यायचाच ठरला, तर निदान घेण्याआधी दोन आठवडे रोजचे दुखणे शून्य ते दहा अशा आकड्यांत वहीत लिहून काढावे. बऱ्याच जणांना त्या वहीतच उतार दिसू लागतो, डबा उघडण्यापूर्वीच.