दांडा, चक्रे आणि गणित : स्लॉट मशीनच्या अंतरंगात

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त ‘अक्षसूक्त’ म्हणून प्रसिद्ध आहे. बेहड्याच्या फळांचे फासे टाकणारा, घरदार गमावलेला आणि पश्चात्ताप होऊनही पुन्हा द्यूतगृहाकडे वळणारा जुगारी त्यात आपली व्यथा सांगतो. त्यानंतरच्या तीन सहस्रकांत फाशांची जागा पत्त्यांनी घेतली, पत्त्यांची चक्रांनी आणि चक्रांची संगणकाने. जुगाऱ्याची व्यथा मात्र बदलली नाही.

एक गोष्ट मात्र निश्चितच बदलली. द्यूताच्या पटावर समोर दुसरा मनुष्य बसलेला असे आणि फाशाचे दान दोघांनाही सारखेच अज्ञात असे. आधुनिक कॅसिनोतील स्लॉट मशीनसमोर खेळणारा एकटाच असतो. पुढचे दान कोणते पडेल हे यंत्रालाही ठाऊक नसते. परंतु हजारो दाने पडल्यानंतर मालकाच्या पदरात किती पडेल, हे यंत्र कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच ठरलेले असते. हे कसे साधते, ते समजून घेणे उद्‌बोधक आहे.

नाणे टाका, दांडा ओढा

१८९१ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात सिटमन आणि पिट या जोडीने पत्त्यांच्या ‘पोकर’ खेळावर आधारित एक यंत्र तयार केले. त्यात पाच दंडगोल असून त्यांवर पत्त्यांची पन्नास चित्रे होती. नाणे टाकून दांडा ओढला की दंडगोल फिरत आणि थांबल्यावर पाच पत्त्यांचा एक डाव समोर येई. जिंकणाऱ्यास दुकानदाराकडून बिअर किंवा चिरूट मिळे. कॅटात बावन्न पत्ते असताना यंत्रावर पन्नासच का, या प्रश्नातच व्यवसायाचे मर्म होते. बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम ही दोन पाने वगळली जात. त्यामुळे सर्वोच्च डाव जुळण्याची शक्यता निम्म्यावर येई आणि गिऱ्हाइकाच्या ते सहसा लक्षातही येत नसे.

या यंत्रात बक्षीस यंत्राकडून मिळत नसे, कारण पाच पत्त्यांच्या असंख्य जुळण्या ओळखणे त्या काळच्या यांत्रिक रचनेस शक्य नव्हते. ही अडचण बव्हेरियात जन्मलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झालेल्या चार्ल्स फे या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दूर केली. त्याने पाचाऐवजी तीनच चक्रे ठेवली आणि पत्त्यांऐवजी घोड्याची नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि घंटा अशी मोजकी चिन्हे घेतली. तीन घंटा एका ओळीत आल्या की सर्वाधिक, म्हणजे पन्नास सेंटचे बक्षीस मिळे. त्या घंटेवरून यंत्राचे नाव पडले ‘लिबर्टी बेल’.

अशा यंत्रांची रचना साधी पण कल्पक होती. नाणे आत पडले की दांड्याचे कुलूप सुटे. दांडा ओढताना स्प्रिंग ताणली जाई आणि सुटताना ती चक्रांना गती देई. मग एकेक अडसर क्रमाने खाली येऊन चक्रे डावीकडून उजवीकडे एकामागून एक थांबवी. प्रत्येक चक्राला जोडलेल्या चकतीवर खाचा असत. धातूची बोटे त्या खाचा चाचपून कोणते चिन्ह आले ते ‘ओळखीत’ आणि तेवढी नाणी खालच्या तबकात सोडीत. चक्रे एकदम न थांबता एकेक करून थांबण्यात उत्कंठेचे बीज होते. पहिल्या दोन घंटा जुळल्यावर तिसऱ्या चक्राकडे पाहणाऱ्याचा श्वास रोखला जाई. आजच्या पडद्यावरील चित्रांना थांबण्यासाठी वेळ घेण्याची कोणतीही तांत्रिक गरज नाही. तरीही ती एकामागून एक थांबतात, ती याच कारणाने.

पुढे शिकागोच्या हर्बर्ट मिल्स यांच्या कंपनीने अशी यंत्रे मोठ्या प्रमाणावर तयार केली. जुगारविरोधी कायद्यांतून सुटण्यासाठी काही यंत्रे नाण्याच्या बदल्यात फळांच्या स्वादाचा च्युइंगम देत. चेरी, लिंबू, संत्रे, आलुबुखार ही चिन्हे तेव्हापासून रूढ झाली. ‘बार’ हे परिचित चिन्हही एका च्युइंगमच्या वेष्टनावरील बोधचिन्हापासून आले, असे मानले जाते. कायद्याला दाखवण्यासाठी घेतलेला हा वेष आज शतकानंतरही यंत्राच्या अंगावर आहे.

विजेचा प्रवेश

१९६३ साली बॅली या कंपनीने ‘मनी हनी’ हे विद्युत्‌-यांत्रिक यंत्र आणले. त्याच्या पोटात नाण्यांची मोठी टाकी आणि ती मोजून बाहेर सोडणारी मोटर होती. त्यामुळे सेवकाची मदत न घेता यंत्र एका वेळी पाचशे नाण्यांपर्यंत बक्षीस देऊ लागले. बाजूचा दांडा आता केवळ सवयीसाठी उरला, कारण त्याचे काम बटण करू शकत होते. १९७६ साली लास व्हेगासच्या ‘फॉर्च्युन कॉइन’ या कंपनीने एकोणीस इंची दूरचित्रवाणी संच बसवून चक्रांची केवळ चित्रे दाखवणारे यंत्र तयार केले. प्रारंभी खेळणाऱ्यांना त्याविषयी संशय वाटे. डोळ्यांसमोर फिरणारे लोखंडी चक्र त्यांना पडद्यावरील चित्रापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटत होते. प्रत्यक्षात लवकरच लोखंडी चक्रही निव्वळ देखावा ठरणार होते.

दिसणारे चक्र आणि न दिसणारे चक्र

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा शोध १९८४ सालचा आहे. त्या वर्षी मूळचे नॉर्वेचे असलेले इंगे टेलनेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. ते ज्या अडचणीचे उत्तर होते, ती गणिताची होती. एका चक्रावर बावीस थांबे असतील, तर तीन चक्रांच्या एकूण जुळण्या २२ × २२ × २२, म्हणजे १०,६४८ होतात. सर्वांत मोठे बक्षीस सरासरीने इतक्या डावांतून एकदा द्यावे लागणार असेल, तर ते फार मोठे ठेवता येत नाही. थांबे वाढवावेत तर चक्र अवाढव्य होते. चक्रे वाढवावीत तर खेळणारा बिचकतो.

टेलनेस यांनी चक्र न वाढवता गणित वाढवले. संगणकाच्या स्मृतीत एक आभासी चक्र कल्पिले, ज्यावर समजा ६४ थांबे आहेत. संगणक १ ते ६४ मधील एक अंक निवडतो आणि एका कोष्टकानुसार तो अंक खऱ्या चक्रावरील एखाद्या थांब्याशी जोडलेला असतो. मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला ६४ पैकी एकच अंक दिला, तर तीन चक्रांवर ते जुळण्याची शक्यता ६४ × ६४ × ६४, म्हणजे २,६२,१४४ मध्ये एक एवढी होते. खेळणाऱ्याला दिसते बावीस थांब्यांचे चक्र. खेळ चालतो चौसष्ट थांब्यांच्या चक्रावर. डोळ्यांनी केलेला अंदाज आणि वास्तव यांत जवळजवळ पंचवीस पटींचे अंतर पडते.

या शोधामुळे प्रचंड बक्षिसे शक्य झाली. १९८६ साली नेवाडा राज्यात ‘मेगाबक्स’ ही योजना सुरू झाली. वेगवेगळ्या कॅसिनोंतील यंत्रे एका मध्यवर्ती संगणकाला जोडून प्रत्येक डावातील अल्प हिस्सा सामाईक जॅकपॉटमध्ये जमा होऊ लागला. २००३ साली या योजनेतून लास व्हेगासमध्ये एका खेळाडूला सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलरचे बक्षीस मिळाले.

अंकांची अखंड गिरणी

आधुनिक यंत्राचे हृदय म्हणजे ‘रँडम नंबर जनरेटर’, अर्थात यादृच्छिक अंक निर्माण करणारी प्रणाली. कोणी खेळत असो वा नसो, ती सेकंदाला शेकडो-हजारो अंक दळत असते. बटण दाबल्याच्या क्षणी हाती लागलेल्या अंकांवर डावाचा निकाल ठरतो. त्यानंतर फिरणारी चक्रे तो निकाल फक्त जाहीर करतात.

हे ध्यानात घेतले की अनेक समजुती गळून पडतात. ‘बराच वेळ बक्षीस निघाले नाही, म्हणजे आता निघेल’ ही त्यांतील सर्वांत महागडी समजूत होय. यंत्राला मागील डावांची आठवण नसते. एखाद्याने जागा सोडताच दुसऱ्याला बक्षीस लागले, तर ‘थांबलो असतो तर मलाच मिळाले असते’ ही हळहळही व्यर्थ असते, कारण पहिल्या व्यक्तीचे बोट त्याच सूक्ष्म क्षणी बटणावर पडण्याची शक्यता नगण्यच होती.

अर्थात संगणकाने तयार केलेले हे अंक गणिती सूत्रातून निघतात आणि सूत्र उलगडले तर अंकही उलगडतात. नेवाडाच्या जुगार नियंत्रण मंडळातील एका संगणक-तज्ज्ञाने नव्वदच्या दशकात यंत्रांची तपासणी करणाऱ्या आज्ञावलीतच फेरफार केला होता. तपासणीच्या निमित्ताने तो यंत्रांत आपली आज्ञा पेरी आणि ठराविक क्रमाने नाणी टाकली की यंत्र बक्षीस देई. १९९५ साली अटलांटिक सिटीत ‘केनो’ या अंकांच्या खेळात त्याच्या साथीदाराला एक लाख डॉलरचे बक्षीस लागले. तेथे संशय येऊन हे प्रकरण उघडकीस आले. ज्याने पहारा द्यायचा तोच फितूर झाल्यावर कोणतेही यंत्र सुरक्षित राहत नाही, हा धडा आर्थिक व्यवहार सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागू आहे. बँकेच्या संगणकीय व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या गुप्त किल्ल्याही याच यादृच्छिक अंकांच्या शास्त्रावर उभ्या असतात. फरक इतकाच की तेथे ते शास्त्र ग्राहकाच्या पैशाचे रक्षण करते.

नव्वद टक्क्यांचा खरा अर्थ

अनेक देशांत यंत्राने किमान किती परतावा द्यावा, हे नियमाने ठरवलेले असते. नेवाडात ही मर्यादा ७५ टक्के, तर न्यू जर्सीत ८३ टक्के आहे. प्रत्यक्षात पुष्कळ यंत्रे नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक परतावा देतात. हा आकडा ऐकून हजार रुपये नेणाऱ्याचे फार तर शंभर रुपये जातील, असा ग्रह होतो. आणि तेथेच गफलत होते.

नव्वद टक्के हा परतावा घरून नेलेल्या रकमेवर नसून लावलेल्या प्रत्येक डावावर असतो. हजार रुपये एकदा संपूर्ण खेळून झाले की सरासरी ९०० उरतात. ते पुन्हा खेळले की ८१०, मग ७२९, आणि सातव्या फेरीअखेर ४७८. पाच रुपयांचा एक डाव आणि मिनिटाला दहा डाव धरले, तर या सात फेऱ्यांना सुमारे पावणेदोन तास लागतात. मध्येच एखाद्याला मोठे बक्षीस लागेल, एखादा वीस मिनिटांतच रिकामा होईल. परंतु खेळ जितका लांबेल तितका निकाल या सरासरीकडे सरकेल. बँकेत सात टक्के चक्रवाढ व्याजाने ठेव दुप्पट होण्यास सुमारे दहा वर्षे लागतात. येथे तेच चक्रवाढ गणित उलट्या दिशेने चालते आणि रक्कम निम्मी होण्यास एक दुपार पुरते.

मनाला जुंपणारे तंत्र

हे गणित ठाऊक असूनही मनुष्य खेळत का राहतो? कधी मिळेल हे सांगता येत नाही असे बक्षीस ठराविक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय अधिक घट्ट करते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी दाखवले होते. टेलनेस यांच्या कोष्टकाने त्यात भर घातली. मोठ्या चिन्हाच्या लगत वरखाली असलेल्या रिकाम्या थांब्यांना अधिक अंक दिले की ते चिन्ह ओळीच्या किंचित वर किंवा खाली वारंवार दिसते. ‘थोडक्यात हुकले’ असे वाटून हात पुन्हा बटणाकडे जातो. वस्तुतः थोडक्यात हुकलेला डाव आणि पूर्ण हुकलेला डाव यांत कवडीचाही फरक नसतो.

पडद्यावरील नव्या यंत्रांत एकाच वेळी अनेक ओळींवर पैसे लावता येतात. वीस ओळींवर वीस रुपये लावून एका ओळीवर आठ रुपये परत आले, तर बारा रुपयांचे नुकसान होते. तरीही दिवे लागतात आणि विजयाचे संगीत वाजते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी या ‘विजयाच्या वेषातील पराभवा’चा अभ्यास केला आहे. नाण्यांच्या जागी आलेली छापील तिकिटे आणि कार्डे यांनीही पैसा हातातून जात असल्याची जाणीव बोथट केली. एका आविष्कारकाची मायभूमी असलेल्या नॉर्वेने २००७ साली खाजगी स्लॉट मशीनवर बंदी घातली आणि पुढे ओळखपत्र व खर्चमर्यादा असलेली सरकारी यंत्रेच ठेवली. ब्रिटनने २०१९ साली अशाच प्रकारच्या सट्टा-यंत्रांवरील एका डावाची कमाल मर्यादा शंभर पौंडांवरून दोन पौंडांवर आणली.

भारतातील चित्र

गोव्यात १९७६च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना परवानगी देण्याची तरतूद झाली. जहाजांवरील पत्त्यांच्या व चक्रांच्या खेळांची सोय १९९६ साली झाली. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनोविषयक कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली तो रद्द करण्यात आला. परंतु आता हे यंत्र पाहण्यासाठी कोठेही जावे लागत नाही. ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई असून बँकांनी अशा खेळांचे आर्थिक व्यवहार करू नयेत, अशीही तरतूद आहे.

स्लॉट मशीन हे मानवी कल्पकतेचे विलक्षण उदाहरण आहे, यात शंका नाही. स्प्रिंग, मोटर, संगणक आणि मानसशास्त्र यांचा असा मेळ क्वचितच आढळतो. मात्र या कल्पकतेचा लाभ कोणत्या बाजूला जमा होतो, हे खातेवहीच्या दोन रकान्यांइतके स्पष्ट आहे. यंत्राला लबाडी करावी लागत नाही. प्रामाणिकपणे चालूनही तेच जिंकते. अक्षसूक्तातील जुगाऱ्यास अखेरीस फासे सोडून शेतीकडे वळण्याचा उपदेश मिळतो. पेरलेले दिसामासांनी उगवते; त्यासाठी ना दांडा ओढावा लागतो, ना श्वास रोखून तिसऱ्या चक्राकडे पाहावे लागते.