अर्धा स्विंग, फुल गेम!

चिंचपोकळीची चाळ, लोअर परळची खुर्ची, खारघरचं गोल्फ कोर्स आणि दुखणारी कंबर. या चौघांचं एकमेकांशी कसं जमलं, त्याची ही गोष्ट.

तिसऱ्या होलच्या टीवर मी उभा होतो. समोर खारघरचा डोंगर, पाऊस संपल्यानंतरचा हिरवागार. बाजूला आमचे बॉस, मागे क्लायंटकडचे दोघं. हातात ड्रायव्हर. म्हटलं, आज दाखवूच! जीव खाऊन फिरवला. बॉल सरळ गेला, लांब गेला. मागून कुणीतरी ‘गुड शॉट’ म्हणालंही.

आणि मी तसाच वाकलेला राहिलो.

कमरेच्या उजव्या बाजूला, अगदी खाली, कुणीतरी पाना लावून नट आवळावा तशी कळ. क्लबचाच टेकू घेऊन मी गवतावर बसलो आणि मग सरळ आडवाच झालो. आकाश सॉलिड सुंदर दिसत होतं राव, पण उठता येत नव्हतं. क्लायंटसमोर इम्प्रेशन मारायला गेलो होतो आणि दोघांनी धरून कॅन्टीनपर्यंत आणलं. परतीला मेगाब्लॉक होताच.

चिंचपोकळी आणि गोल्फ?

तुम्ही हसाल. सगळेच हसतात. आमच्याकडे स्पोर्ट म्हणजे गल्ली क्रिकेट, कबड्डी आणि चिंतामणीच्या आगमनाला ढोल-ताशावर चार तास नाचणं. गोल्फ म्हणजे क्लबवाल्यांचा खेळ, असंच डोक्यात बसलेलं. ते अगदीच चूक नाही. साहेबानं कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब काढला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. आत जायचं तर एक तर मेंबर व्हा, नाहीतर कुणाची तरी बॅग उचला.

पण त्याच चेंबूरच्या वस्त्यांमधली, कॅडीचं काम करणारी पोरं लोखंडी सळई वाकवून तिचा क्लब करतात आणि प्लॅस्टिकच्या बॉलनं गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. स्लम गोल्फ म्हणतात त्याला. सुजय डहाकेनं २०२३ मध्ये त्यावर वेब सीरिजही केली. ती पाहिली आणि वाटलं, सळईवर खेळता येतं तर आपण निदान सेकंडहँड सेटवर खेळून बघू.

दुसरं कारण जास्त प्रामाणिक आहे. ऑफिसात वरच्या मजल्यावरचे सगळे खेळायचे. सिडकोनं उभारलेल्या खारघरच्या कोर्सवर क्लबची मेंबरशिप नसतानाही फी भरून खेळता यायचं. मग काय! रविवारी पहाटे बॅग खांद्याला लावायची, चिंचपोकळीहून स्लो लोकल, कुर्ल्याला उतरून हार्बर आणि थेट खारघर. डब्यातले लोक बॅगेकडे बघून विचारायचे, ‘काय हो, तबला का?’

आठवडाभर प्रॅक्टिस चाळीच्या गॅलरीत. पायपुसण्यावर बॉल ठेवायचा आणि आडव्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात पुट करायचा. पेल्याचा टण्ण आवाज आला की शेजारच्या काकू ओळखायच्या, आज पोरगा फॉर्मात आहे.

दुखणं आधीचं, खेळ नंतरचा

खरं सांगायचं तर कंबर गोल्फनं बिघडली नव्हती. ती आधीपासूनच कुरकुरत होती. दिवसाचे दहा तास खुर्ची. ट्रेनमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून केलेला प्रवास. रात्री गादीवर पोटाशी लॅपटॉप. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या कंबरदुखीला डॉक्टर ‘क्रॉनिक’ म्हणतात. माझी तर दीड वर्षांची होती, आणि मी ती ऑफिसात कुणाला सांगितली नव्हती. कंबरदुखी म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं, तिशीत कसं सांगायचं?

खारघरच्या त्या प्रकारानंतर एमआरआय केला. रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ हे दोन शब्द वाचले आणि माझा धीरच सुटला. नेटवर वाचत बसलो, आणखी घाबरलो. आईनं जाहीर केलं, ‘ते गोल्फ-बिल्फ आता बंद.’ पट्टा आणला, सुट्टी टाकली आणि दोन आठवडे पडून राहिलो. बरं वाटायचं सोडून अंग आणखीच आखडलं. चपलेत पाय घालायचा तरी भिंत धरायची!

मग मित्रानं परळच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मला चालायला, वाकायला, एका पायावर उभं राहायला लावलं. मग म्हणाल्या, ‘हे बल्ज वगैरे काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसतं.’ मला पटेना. घरी येऊन शोधलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले होते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या स्कॅनमध्ये डिस्क बल्ज होता, आणि ऐंशीच्या लोकांत ८४ टक्के! म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता, पण सगळी गोष्ट त्यात नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेनंही डिसेंबर २०२३ मध्ये क्रॉनिक कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामावर आणि दुखणं समजून घेण्यावर भर आहे. कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात नकोत, असंही आहे. माझा पट्टा त्या दिवशी माळ्यावर गेला.

‘मग गोल्फ?’ मी घाबरत विचारलं.

‘खेळा की. पण तुम्ही खेळता तसा नाही.’

कंबर वळत नाही!

फंडा सिंपल आहे. कमरेचे पाच मणके मिळून एका बाजूला जेमतेम दहा-बारा अंश वळतात. वाकणं-ताठ होणं हे त्यांचं काम, पिळणं नाही. खरं वळणं व्हायला हवं खुब्यांतून आणि छातीमागच्या मणक्यांतून. दिवसभर खुर्चीत बसून माझे नेमके हेच दोन भाग जाम झालेले. वर मी व्हिडिओ बघून शिकलेला स्विंग: पाय जमिनीत रोवायचे, कंबर धरून ठेवायची आणि खांदे मात्र जास्तीत जास्त फिरवायचे. ताकद येते, मान्य. पण पीळ बसतो तो नेमका त्या बिचाऱ्या पाच मणक्यांना. हौशी गोल्फर्समध्ये सगळ्यात जास्त दुखावणारा भाग कंबरच आहे, ते उगीच नाही.

आणि मोठमोठे यातून सुटलेले नाहीत. टायगर वुड्सच्या पाठीवर २०१४ ते २०१७ मध्ये चार शस्त्रक्रिया झाल्या. शेवटच्या शस्त्रक्रियेत खालचे मणके एकमेकांना जोडले. त्यानंतर एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यानं मास्टर्स जिंकली! सगळे ही गोष्ट इथंच थांबवतात. पण २०२० मध्ये आणि २०२४ मध्ये त्याला पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावं लागलं. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कंबरदुखी एकदा जिंकून कपाटात ठेवायची ट्रॉफी नाही. ती सांभाळायची असते.

मॅडमनी तीन व्यायाम दिले. कॅनडाचे प्राध्यापक स्टुअर्ट मॅगिल यांचे हे ‘बिग थ्री’ जगभर प्रसिद्ध आहेत. पाठीवर झोपून फक्त डोकं-खांदे किंचित उचलणं, कुशीवर प्लँक आणि चौथा प्रकार वाटावा इतका छळणारा तिसरा: हातापायांवर ओणवं होऊन उजवा हात नि डावा पाय, मग उलट, सरळ ताणणं. दहा बाय बाराच्या खोलीत हा तिसरा प्रकार करताना पाय कपाटाला लागतो, हात टीव्हीला. पण जमतं.

बाबांचा साचा

खरा कोच मात्र घरातच निघाला.

एका सकाळी गॅलरीत हातात सेव्हन आयर्न घेऊन मी हळूहळू स्विंग करत होतो. बाबा पेपर वाचत बसले होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, ‘अरे, पाय रोवून कंबर काय पिळतोस? चादर वाळत घालायचीय काय?’

बाबा १९७८ मध्ये मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले, साचा खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बाबा परत कधी साच्यावर उभे राहिलेच नाहीत. पुढची सगळी वर्षं वॉचमनची नोकरी. मिलबद्दल ते फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

‘दोन बाजूंना दोन साचे, मधे आपण. पाळीभर इकडून तिकडे वळायचं. नवीन पोरगा कमरेतून वळायचा आणि आठ दिवसांत घरी बसायचा. जुनी माणसं सांगायची, टाच उचल, पायावर वळ. सगळं अंग बरोबर येऊ दे.’

मी टाच उचलली. डावी. खुबा आपोआप फिरला, छाती त्याच्यामागून आली, आणि कंबर? कंबर गप्प! पुढच्या भेटीत मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘हेच तर मी तुम्हाला शिकवणार होते.’ आणि गंमत बघा, १८ मेजर स्पर्धा जिंकणारा जॅक निकलस मागे वळताना डावी टाच उचलायचाच. साचा खातं आणि निकलस एकमताचे, मग आपण कोण?

मी विचारलं, ‘बाबा, तुमची कंबर दुखायची का हो?’

‘दुखायची म्हणजे? अजून दुखते. आम्हाला कोण विचारणार? बाम चोळायचा आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याला हजर.’

चाळीस वर्षं हा माणूस माझ्यासारखाच दुखणं लपवून जगत होता, आणि मी एकाच खोलीत राहून कधी विचारलं नव्हतं. मी तरी कुठं कुणाला सांगितलं होतं म्हणा!

पुन्हा तिसरा होल

चार महिन्यांनी ऑफिसचा पुढचा गेम ठरला. या वेळी आदल्या दिवशीच बॉसच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं. ‘सर, मला दीड-दोन वर्षं कंबरदुखी आहे. मी नऊच होल खेळीन, ट्रॉली घेईन आणि ड्रायव्हर काढणार नाही.’ वाटलं होतं, आता अप्रेझलला मार्क कटणार. बॉस दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग खुर्चीमागची उशी काढून दाखवली. ‘मी सहा वर्षं,’ म्हणाले. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातले दोघं एका केबिनमध्ये बसले होते आणि एकमेकांना माहीत नव्हतं!

तिसऱ्या होलच्या टीवर सेव्हन आयर्न घेतलं. कॅडी म्हणाला, ‘सर, अर्धाच मारा, पण रिदममध्ये.’ हात छातीच्या उंचीपर्यंतच नेले. टाच उचलली, वळलो, मारलं. बॉल मागच्या वेळेच्या निम्म्यावर पडला, पण मधोमध पडला. आणि मी सरळ उभा होतो. स्कोअर? तो विचारू नका.

अजूनही वाईट दिवस येतात. आगमनाला नाचलो की सोमवारी कंबर हिशेब मागते. तेव्हा मी गेम रद्द करतो, पण चालणं नाही. आणि रोज सकाळी गॅलरीत दोन माणसं एकामागे एक व्यायाम करतात. मग बाबा पुटर घेतात. परवा त्यांनी पेल्यात सलग चार घातले. काकू आतून ओरडल्या, ‘आज पोरगा भलताच फॉर्मात आहे हो!’

बाबा काही बोलले नाहीत. पाचवा बॉल ठेवला.

कंबरेचा कॅडी

• टीवर जाण्याआधी दहा मिनिटं वॉर्मअप. ट्रेनमधून उतरून थेट ड्रायव्हर काढू नका.

• अठरा होल म्हणजे साधारण सहा ते आठ किलोमीटर चाल. बॅग खांद्यावर नको, ट्रॉलीवर टाका. नऊ होल खेळणं हा गुन्हा नाही.

• बॉल उचलताना क्लबचा टेकू घ्या, एका पायावर झुका आणि दुसरा पाय मागे सरळ उचला. याला फिजिओ ‘गोल्फर्स लिफ्ट’ म्हणतात. घरात खाली पडलेला पेन उचलायलाही हीच ट्रिक.

• ऑफिसात दर अर्ध्या तासानं खुर्ची सोडा. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा, आपोआप उठावं लागतं.

• पायातली ताकद कमी होणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप येणं, कारण नसताना वजन उतरणं किंवा पडल्यानंतर कंबर दुखणं: यातलं काहीही असेल तर व्यायाम नाही, गोल्फ नाही, थेट डॉक्टर गाठा. ताबा गेला असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल.